टवक्याचा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे, बारा-तेराचा. माझ्या एका तोंडाशी बारा आणि दुसऱ्या तोंडाशी तेरा असा आकडा कोरलेला आहे. त्यातल्या तेराच्या तोंडाचा टवका उडालेला आहे. शेजारच्या खिळ्यावरची पकड मला पुष्कळदा विचारते, "हे कशानं झालं?" म्हातारपणाने झाले, असे सांगून मी वेळ मारून नेतो. ते खरे नाही. तुम्हाला मात्र खरे सांगतो. सांगताना मान खाली जाते आहे, पण सांगतो.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, साल एकोणीसशे पासष्टच्या आसपासचे. लालबुंद तापलेल्या कांबीवर घणाचे घाव बसले, मग तेलाची बुडी मिळाली, मग घासूनपुसून चकचकीत करून मला दुकानात मांडले. तिथून मला शमशुद्दीन मिस्त्रींनी उचलले. त्यांनी मला हातावर तोलले, माझ्या दोन्ही तोंडांवरून अंगठा फिरवला आणि रुमालात गुंडाळून कुरुंदवाडला आणले. एवढ्या पान्यांतून आपल्यालाच निवडले, या विचाराने मी एसटीत सगळी वाट फुगलेलाच होतो. फुगण्याची खोड तेव्हापासूनची.

मिस्त्रींचे बॅटऱ्या चार्ज करण्याचे दुकान बाजाराच्या वाटेवर होते. पुढे दगडी कट्टा आणि आत एक खोली. खोलीतल्या फळीवर ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, लग्नातल्या भोंग्याच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत. लोक एका बाजाराला बॅटरी आणून टाकत आणि पुढच्या बाजाराला घेऊन जात. मिस्त्रींची बायको मेहमुदा त्यांच्या बरोबरीने राबायची. बॅटऱ्यांत पाणी घालणे, त्यांच्या टोकांवर चढलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुणे ही कामे तिची. दाराशी पाण्याचे एक पिंप असे, ते तिने कधी रिकामे होऊ दिले नाही.

माझे काम साधे होते. बॅटरीच्या टोकांवर तारांचे क्लॅम्प बसतात, त्यांचे बोल्ट मी सोडायचे आणि आवळायचे. क्लॅम्प ढिला राहिला तर तिथे वीज अडखळते, टोक तापते, शिसे पाघळते, कधी तार पेटते. केरबा नावाच्या ट्रकवाल्याने एकदा क्लॅम्प हातानेच दाबून बसवला आणि शिरोळच्या वाटेवर त्याच्या बॉनेटमधून धूर निघाला. तेव्हापासून तो सहा मैल उलटा येई, पण बोल्ट माझ्याकडूनच आवळून घेई.

मिस्त्रींचा एक नेम होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते तो ऐकवत. बॅटरीच्या ऋण टोकाला, म्हणजे मायनसला, ते वजा म्हणत.

"वजाची तार पहिली सोडायची आन् जोडायची मातूर शेवटी. वजा सुटला की गाडीचं सगळं लोखंड मुकं. मग पाना कुठं बी लागू दे, ठिणगी न्हाय."

चार्जर आधी बंद करायचा, मगच त्याचे चिमटे काढायचे, हाही नेमच. चार्ज होताना बॅटरी उकळल्यासारखी बुडबुडते आणि तिच्यातून वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी मिळाली की भडकतो. म्हणून खोलीची खिडकी सताड उघडी असे आणि तिथे विडी पेटवायला बंदी होती.

आता माझ्या लाजेकडे येतो. मिस्त्री बॅटरी तपासत ती काचेच्या नळीने. नळीत थोडे ॲसिड ओढायचे, आतला काटा किती तरंगतो ते बारीक रेघांवर वाचायचे. बाराशे ऐंशीची रेघ आली की बॅटरी भरली. गिऱ्हाइकांचा मात्र त्या नळीवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या भागात बॅटरीची पारख ठिणगीने होत असे. एका टोकाला जाड तार लावायची, तिचे दुसरे टोक माझ्या मानेला गुंडाळायचे, आणि मग माझे तोंड बॅटरीच्या दुसऱ्या टोकावर नुसते टिचकावायचे. फाट्‍ करून निळी-पांढरी ठिणगी उडे. ती पाहिल्याशिवाय कोणी बॅटरी उचलायला तयार नसे. कोणाची ठिणगी मोठी यावर कट्ट्यावर कुस्ती लावल्यासारखी चुरस चाले.

मिस्त्रींना हा प्रकार मनातून आवडत नसे. बॅटरीला तो बरा नाही आणि माणसालाही नाही, असे ते म्हणत. पण गिऱ्हाईक ऐकेना, तेव्हा त्यांनी आपली रीत बसवली. बॅटरीची बुचे लावायची, तिला बाहेर कट्ट्यावर आणायचे, वर ओले फडके टाकायचे. मग सगळ्यांनी मेहमुदाच्या हातचा चहा प्यायचा. चहा होऊन पिऊन पेले धुतले जाईपर्यंत वायू विरून जाई. त्यानंतर एकच ठिणगी, तीही तोंड फिरवून.

आणि मी? मित्रांनो, दिवसभर बोल्ट आवळले तरी कोणी मला "वा" म्हणत नसे. ठिणगी उडाली की मात्र माणसे म्हणत, "काय पाना हाय!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. आवळण्याचे काम मला कमीपणाचे वाटू लागले. मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू लागलो. ज्या कामासाठी मला घडवले ते सोडून ज्या खेळाने मला मिरवले त्याच्यावर जीव जडला, ही माझी पहिली चूक.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा ऊस हंगाम होता. बाजाराचा दिवस. शिरोळचे बाळासो ट्रॅक्टरची बॅटरी न्यायला आले. त्यांचा ट्रॅक्टर ऊस भरून वाटेत बंद पडला होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. बॅटरी खोलीतच होती, चार्जर नुकताच बंद केलेला, बुचे उघडी, अंग हाताला चटका बसेल इतके तापलेले. मिस्त्रींनी नळी लावून रेघ दाखवली आणि म्हणाले की बॅटरी भरली आहे, थोडी निवू द्या, तोवर चहा घ्या.

बाळासो कट्ट्यावरच्या गर्दीकडे वळून म्हणाले, "चहा पाजून बॅटरी खपवायची व्हय? जीव असंल तर आत्ता दावा की ठिणगी."

माणसे हसली. मिस्त्री रागीट नव्हते, पण चारचौघांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. मेहमुदा दारातून म्हणाली, "ऐका माझं, बाहेर तरी घ्या." त्यांनी ऐकले नाही. त्यांनी खिळ्यावरून मला ओढले आणि माझ्या मानेला तार गुंडाळली.

खिडकी उघडी असूनही खोलीत आंबट वास कोंदला होता. तिथे मी नऊ वर्षे काढली होती, त्या वासाचा अर्थ मला ठाऊक होता. तरी त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे कट्ट्यावरची ती माणसे. ठिणगी मोठी पडावी, असे मला वाटले. मला खरेच तसे वाटले.

ठिणगी मोठीच पडली. पाठोपाठ खोलीत बार उडाला. बॅटरीचे झाकण फुटून छताला लागले आणि ॲसिड मिस्त्रींच्या तोंडावर उडाले. मी कोपऱ्यात जाऊन आदळलो. माझ्या तोंडाचा टवका वितळून गेला होता आणि अंग इतके तापले होते की खालचे फडके करपले. कोणी म्हणत होते दूध घाला, कोणी म्हणत होते तूप लावा. मेहमुदाने कोणाचे ऐकले नाही. तिने मिस्त्रींना पिंपाशी आडवे केले आणि तांब्यामागून तांब्या त्यांच्या डोळ्यांवर पाणी सोडत राहिली. पिंपाचा तळ लागला तेव्हा बाळासोच घागर घेऊन आडाकडे धावले. मग एका जीपमधून त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेले. डावा डोळा गेला. पाण्यामुळे उजवा राहिला, असे डॉक्टर म्हणाले, पण त्यानेही आता धूसरच दिसते.

दोन महिने दुकान बंद होते. मी कोपऱ्यातच पडून होतो. दुकान उघडले त्या दिवशी बाळासो आले आणि कट्ट्यावर टेकले. म्हणाले, "मिस्त्री, माझ्या तोंडानं झालं ह्ये."

मिस्त्री म्हणाले, "तुम्ही मागिटलं, पर दिलं मी."

तेवढ्यात झाडता झाडता मेहमुदाला मी सापडलो. बाळासो म्हणाले की तो पाना आधी नदीत टाका. तिने मला पदराने पुसले आणि म्हणाली, "त्याला काय कळतंय? लोखंडच हाय ते."

मित्रांनो, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. बाळासोंनी आणि मिस्त्रींनी आपापली चूक पदरात घेतली आणि तिने मला तेवढे निर्दोष ठरवून मोकळे केले. मला कळत होते, हे मी कोणाला सांगणार?

मेहमुदाने सायकलची जुनी ट्यूब कापून माझ्यासकट सगळ्या पान्यांच्या अंगाला घट्ट गुंडाळली आणि आवळण्यापुरती तोंडे उघडी ठेवली. नळीच्या बारीक रेघा मिस्त्रींना दिसत नव्हत्या. ती शाळेत गेली नव्हती, तरी कट्ट्यावर खडूने गिरवून तिने आकडे शिकून घेतले. आता ती रेघ वाचते आणि मिस्त्री हाताने चाचपून बोल्ट आवळतात. खिळ्यांवर सात पाने टांगलेले आहेत. त्यांतून मला ओळखायला त्यांना डोळे लागत नाहीत. अंगठा टवक्याला लागला की ते मला उचलतात. माझी लाज हीच माझी खूण झाली.

परवाच्या बाजाराला एक परगावचा माणूस आला. मेहमुदाने नळी वाचून बाराशे ऐंशी म्हणून सांगितले. तो म्हणाला, ते ठीक, पण ठिणगी दाखवा. मिस्त्रींनी हात फिरवून मला शोधले आणि त्याच्या हातात दिले.

"पावणं, ह्यो टवका बघा. एका ठिणगीनं एवढं लोखंड खाल्लं. माणसाचा डोळा लोखंडाचा बी नसतोय."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिले, मग मिस्त्रींच्या काळ्या चष्म्याकडे पाहिले आणि मला परत देऊन म्हणाला, "चहा सांगा, मिस्त्री."

मित्रांनो, तुमच्याही घरी पुढेमागे बॅटरी येईल. तापलेली असेल तर तिला निवू द्या, खिडकी उघडा, वजाची तार आधी सोडा आणि शेवटी जोडा, बोल्ट नीट आवळा. आणि कोणी ठिणगी मागितली तर त्याला चहा पाजा. गर्दी हसली तर हसू द्या. माझ्यासारखे हुरळू नका.

मिस्त्री रोज मला उचलतात. अंगठा टवक्यावर क्षणभर थांबतो, मग ते बोल्टाकडे वळतात. मी बोल्ट गच्च आवळतो, जितका आवळता येईल तितका.