संमतीचं पान

वेनिंगने कळ दाबली आणि पडद्याच्या उजव्या अंगाला साइटची आतडी उघडी पडली. ओळीच ओळी. फोनवर लास्त्री, तिची कॉलेजातली मैत्रीण, एकेक पायरी सांगत होती. कुकीजचा कप्पा उघड, ‘सेशन’ शब्दापुढची लांबलचक अक्षरं उचल आणि पानं उतरवून घेणाऱ्या ॲपच्या सेटिंगमध्ये चिकटव.

“साइट तुला त्या अक्षरांवरून ओळखते,” लास्त्री म्हणाली. “ती कुणाला दाखवू नकोस. आणि काम संपेपर्यंत लॉग आउट करू नकोस. केलंस तर ती मेलीच समज.”

इंडोनेशियातल्या मलांग शहरातल्या या घरात बसून वेनिंगने सहा वर्षं त्या साइटवर कादंबरी लिहिली होती, थेट तिथेच. आता कंपनीचा नवा नियम आला होता: सगळं लेखन कंपनीचं. संमती नसेल त्याची पानं पुसली जातील. कॉपी करायची सोय त्यांनी आधीच बंद केली होती. तिने आपली प्रकरणं परत मागितली, तर त्यांनी उत्तरादाखल नियमच पुन्हा पाठवला.

ॲपने पहिलं प्रकरण उतरवलं, मग दुसरं. लास्त्रीने फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. कंपनीतला बागस होता. तो आदबीने बोलत होता. संमतीचं पान तिला दिसत नसावं, एकदा लॉग आउट करून परत आत आलं की दिसेल, असं त्याने समजावलं.

“नाही,” वेनिंग म्हणाली.

“म्बाक, एका मिनिटाचं काम आहे.” तो तिला जावानीजमध्ये ताई म्हणत होता.

“माझं लिखाण हातात आल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही.”

तिच्या खात्यातून पानं भराभर उघडताहेत, हे त्याला तिकडे दिसत होतं. वर कळवलं तर खातं लगेच बंद होईल, असं तो म्हणाला. आवाजात धमकी नव्हती, तरी वेनिंगचे कान तापले.

“कळवा. कादंबरी माझी आहे. चोरी कोण करतंय तेही कळवा.”

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. बागस परत बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

“मीही तिथे लिहितो, म्बाक. टोपणनावाने. आईवरच्या गोष्टी आहेत. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.”

ॲप पुढचं प्रकरण उतरवत होतं. वेनिंगने खुर्ची पुढे ओढली. आता तिनेही त्याला दादा म्हटलं.

“संगणक समोर आहे ना, मास?”