जळजळीची वही

डेंडर नदीच्या जलद्वारावर गोडलीव्ह स्टालेन्स एकवीस वर्षं नोकरीला होती. बोट आली की दारं उघडायची, पाणी चढवायचं नाहीतर उतरवायचं, आणि रोज दोनदा पाण्याची पातळी लिहून ठेवायची. मोजल्याशिवाय तिला कशावरच विश्वास बसत नसे.

चौदा महिन्यांपूर्वी तिचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. जठराचा बराचसा भाग काढून केळ्याएवढी नळी तेवढी ठेवली. एकेचाळीस किलो उतरले, गुडघ्यांची तक्रार गेली. पण अलीकडे बोटवाल्याशी बोलायला कठड्यावरून जरा वाकलं, की आंबट पाणी घशाशी यायचं आणि छातीत आग पडायची.

नवरा वानेस तिला चघळायच्या पांढऱ्या गोळ्या आणून द्यायचा. त्यांनी तासभर बरं वाटायचं. मग तिने औषधांच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय मिळतं ते पित्ताच्या गोळ्यांचं छोटं पाकीट आणलं. आणि एके दिवशी खणात ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सापडल्या, आठवडाभर पुरतील इतक्या.

गोडलीव्हने नवी वही काढली. एक आठवडा पांढऱ्या गोळ्या, दुसरा छोट्या पाकिटातल्या, तिसरा डॉक्टरांच्या. कधी घेतली, काय खाल्लं, कितीदा जळजळलं, सगळं टिपलं.

"अगं, पोट आहे ते, कालवा नाही," वानेस म्हणाला.

"तू गप चहा पी. मला कळू दे तरी."

तीन आठवड्यांनी निकाल अगदी स्वच्छ लागला. डॉक्टरांच्या गोळ्यांच्या आठवड्यात जळजळ फक्त दोनदा. छोट्या पाकिटाच्या आठवड्यात अकरा वेळा. वही आणि दोन्ही पाकिटं घेऊन ती दुकानात गेली. दुकान म्यूरिएलचं. गोडलीव्हने तिला शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं.

"हे चिठ्ठीशिवाय मिळतं ते काही कामाचं नाही," गोडलीव्ह म्हणाली. "मला डॉक्टरांवालं दे."

म्यूरिएलने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि बारीक अक्षरांवर बोट टेकवलं. "वाचा बरं, स्टालेन्सबाई."

गोडलीव्हने चष्मा चढवला. पँटोप्रॅझोल. दुसऱ्यावरही पँटोप्रॅझोल. एकात वीस मिलिग्रॅम, दुसऱ्यात चाळीस.

"म्हणजे औषध एकच?"

"एकच. कमी ताकदीचं, थोड्या दिवसांपुरतं, चिठ्ठीशिवाय मिळतं. जास्त ताकदीचं किंवा जास्त दिवस घ्यायचं, तर डॉक्टरांची देखरेख लागते." म्यूरिएल वही चाळत होती. "शिवाय चाळीसची तुम्ही सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घेतलीत. वीसची मात्र रात्री जेवण झाल्यावर."

"पाकीट स्वयंपाकघरात होतं म्हणून."

"हिचं काम जेवणाआधी घेतली तर नीट होतं."

"मग तीन आठवडे मी तुलना कशाची केली?"

"थोडी ताकदीची. बरीचशी न्याहारीची आणि रात्रीच्या जेवणाची."

गोडलीव्हला हसू आलं. पण म्यूरिएल हसली नाही. तिचं बोट पहिल्या आठवड्यावर थांबलं होतं. "पांढऱ्या गोळीबरोबर लोहाची गोळी?"

"ऑपरेशनपासून रोज घ्यावी लागते. दोन्ही एकदम उरकते."

"त्याने लोह अंगाला लागत नाही. मध्ये काही तास जाऊ द्या. दमल्यासारखं होतं का?"

होत होतं. जलद्वाराचा जिना चढताना तिला धाप लागायची. वयाचं असेल म्हणून तिने ते वहीत लिहिलंच नव्हतं.

"आणि हा त्रास कधीपासून?"

"अकरा आठवडे."

"पाकिटावर लिहिलंय, दोन आठवड्यांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. तुमच्यासारख्या ऑपरेशननंतर तर नक्कीच. मी आज काहीच देत नाही. डॉक्टरांना फोन लावते, वही घेऊन जा."

गोडलीव्हला जरा राग आला. मोठ्या तयारीने आली होती ती. तरी गेली.

दहा दिवसांनी घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. अन्ननलिकेचा खालचा भाग सोलवटला होता, आणि जठराचा वरचा तुकडा छातीच्या बाजूला सरकला होता. रक्तातलं लोहही कमी निघालं. डॉक्टरांनी चाळीसची गोळी आठ आठवडे, न्याहारीआधी, लिहून दिली. लोहाच्या वेळा बदलल्या. जखम भरली नाही तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल, असंही सांगितलं.

"चित्र बघायला मिळेल?" गोडलीव्हने विचारलं.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. वानेस खिडकीबाहेर बघत बसला. ती मात्र पुढे सरकली. ओला गुलाबी बोगदा, त्याच्या कडेने लाल रेघा.

"इथून वर येतं का ते?"

"इथूनच."

वसंतात पुन्हा तपासणी झाली तेव्हा रेघा पुसट झाल्या होत्या. ऑपरेशनचा विषय तूर्त मागे पडला. गोळी वीसवर आली, पण आता चिठ्ठीवर आणि दर सहा महिन्यांच्या तपासणीसह. त्या रविवारी वानेसने मासे केले. गोडलीव्हने चार घास सावकाश खाल्ले, पाचवा ताटातच ठेवला, आणि मग जलद्वाराच्या कठड्यावरून वाकून खालच्या बोटवाल्याला विचारलं, कुठून आलास रे बाबा.