मुडदेकाकांचं वाक्य

"काका, टीव्हीवर तुमचा आवाज ऐकू आला ना, तर मी अर्धी मिशी उडवून महिनाभर फिरेन," इस्त्रीवाला म्हणाला. "आणि नाही आला, तर तुम्ही त्या पिंपावर चढून तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं. लागली?"

"लागली! वस्तऱ्याला आत्ताच धार लावून ठेव, लेका."

मुडदेकाका हे नाव गल्लीनंच पाडलेलं. ऐतिहासिक मालिकांमधल्या गर्दीत काकांची हयात गेली होती. बाण लागून मेले, घोड्याखाली मेले, एकदा तर सकाळी राजाच्या बाजूनं मेले आणि जेवून आल्यावर शत्रूच्या बाजूनं. फक्त तोंडातून आवाज काढायचा नाही. गर्दीतला माणूस नुसता खोकला, तरी दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवतात.

काकू पूर्वी पडद्यावर बोट टेकवून सांगायच्या, "ते पालथं पडलंय ना, ते आमचं!" मग साखरेनं त्यांचे डोळे गेले. आणि आता डॉक्टर म्हणाले होते, "घरी न्या, हवं ते खाऊ द्या." त्याचा अर्थ काय, ते कुणी कुणाला विचारलं नाही. काकूंचे कान तेवढे शाबूत होते. म्हणून काकांना एक वाक्य हवं होतं. एकच.

ते मिळालं. मालिकेत नवा धर्म घेऊन राजा येतो, त्याआधीच्या लोकांचा म्हातारा पुजारी काका झाले. झऱ्याला देव मानणारे लोक. वाक्य होतं, "झऱ्या, आमच्या घरातलं पाणी आटू देऊ नकोस."

पण काकांच्या डोक्यावर शिंगं चढवली, तोंडाला लाल रंग फासला आणि हातात कवटी दिली.

"साहेब, पाणी मागायला कवटी कशाला?" काकांनी दिग्दर्शकाला विचारलं. "हे लोक खरंच असे होते?"

"कुणास ठाऊक! त्यांच्यातलं कुणी तक्रार करायला येणारे का? डोळे गरागरा फिरवा आजोबा, किंचाळा!"

काकांनी तोंड उघडलं. आणि इतक्या वर्षांची सवय आडवी आली. वाक्य आलं ते कुजबुजत, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. दिग्दर्शक हात झटकून म्हणाला, "चालेल, आवाजाचं बघू नंतर." काकांनी त्यातलं 'चालेल' तेवढं घरी नेलं.

मालिका लागली त्या संध्याकाळी इस्त्रीवाल्यानं दुकानातला टीव्ही रस्त्याकडे फिरवला, आवाज पार वर केला. समोरच्या खिडकीशी काकूंची खाट ओढून लावली होती.

शिंगं दिसली. काकांचे ओठ हलले. आणि टीव्हीतून दुसऱ्याच कुणाची रेड्यासारखी डरकाळी फुटली, "रक्त! रक्त पाहिजे देवाला!" मागून ढोल. मग राजाची तलवार, आणि काका मेले.

खिडकीतून काकूंनी विचारलं, "अहो, तुमचं कधी येणार?"

इस्त्रीवाल्यानं टीव्ही बंद केला. "काका, राहू द्या. गंमत होती. मी मिशी उडवतो."

"का? हरलो मी," काका म्हणाले.

पिंप त्यांनी स्वतःच उपडं केलं, एका हातानं भिंत धरून वर चढले आणि मान ताणून आरवले. आवाज चिरका निघाला. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा आरवले ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

"अगं बाई!" खिडकीतून काकू ओरडल्या. चेहरा भलत्याच दिशेला, पण फुललेला. "हा, हा तुमचा! आलं ना तुमचं? मघाचा मेला कोण होता तो रेडा?"

इस्त्रीवाल्यानं पिंपाला हात लावला. "उतरा काका. बस झालं."

"एक राहिलंय," काका म्हणाले. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं, छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला आणि तिसऱ्यांदा आरवले.