उजवा घोटा, साडेआठ

बुधवारी गटसाखळीत आम्ही तीन-दोनने हरलो. शनिवारी संध्याकाळी मॅनेजरनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

मी या संघाची फिजिओ. स्नायू मोकळे करणं, सांधे बांधणं, बर्फ लावणं हे माझं काम. मिश्र सांघिक बॅडमिंटनमध्ये दोन देश एकमेकांशी पाच सामने खेळतात: पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. कोण कुठल्या सामन्यात उतरणार याची यादी दोन्ही संघ सकाळी दहाला बंद पाकिटात देतात आणि पाकिटं एकाच वेळी उघडली जातात. तोवर समोरच्याला सुगावा लागू न देणं, हा निम्मा खेळ असतो.

बुधवारी आमच्या कोचबाईंनी एक धाडस केलं होतं. पुरुष दुहेरीतल्या लंबूला तिथून काढून चिमणीबरोबर मिश्र दुहेरीत उतरवलं. हे दोघं आधी कधीच एकत्र खेळले नव्हते. पण पाकिटं उघडली, तर समोरच्यांनी नेमकी याच जोडीला जड जाईल अशी जोडी उभी केली होती आणि लंबू नसलेल्या आमच्या पुरुष दुहेरीवर आपली सगळ्यात तगडी माणसं सोडली होती.

समोरच्या संघाचे कोच म्हणजे माझे भाऊजी. माझ्या सख्ख्या ताईचे नवरे.

"ती जोडी पाच जणांना माहीत होती," मॅनेजर म्हणाले. "मला, कोचबाईंना, त्या दोघांना आणि तुम्हाला. आणि बुधवारी सकाळी तुम्ही बहिणीशी अकरा मिनिटं बोललात."

"तुम्ही मोजलीत?"

"लिफ्टपाशी उभा होतो. लिफ्ट येत नव्हती."

"अकरा मिनिटं?"

"मॅडम, विषय बदलू नका. उद्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच समोर आहेत. उद्याही यादी फुटली, तर पुढच्या दौऱ्याला तुम्ही नसाल. आणि का नाही, ते मी लेखी देईन."

मी काही सांगितलं नाही, असं मी म्हणाले. ते खरं होतं. पण खोलीत परतल्यावर मनात पाल चुकचुकली. बुधवारी ताईने विचारलं होतं, "लंबूचा घोटा कसा आहे गं?" आणि मी म्हणाले होते, "बराय. आज पहिला त्यालाच घेणार आहे." आता ते वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं. बुधवारपासून ताई रोज फोन करत होती. एरवी महिन्यातून दोनदा करते. ताईला बॅडमिंटनमधलं फारसं कळत नाही, मग तिला घोट्याचं काय पडलंय?

एकदा संशय धरला की प्रत्येक आठवण साक्ष द्यायला पुढे येते. त्या साक्षी तपासून पाहायला हव्या होत्या. तेवढा धीर मला धरवला नाही. मी फोन लावला.

"ताई, बुधवारी मी बोलले ते तू भाऊजींना सांगितलंस?"

"काय बोललीस तू बुधवारी?"

"लंबूच्या घोट्याचं."

मग ती म्हणाली, "तुला सायकल शिकवताना मी माझे गुडघे फोडून घेतले आणि आता मी तुझे घोटे विकायला काढले, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. बोल ना. लाजतेस कशाला?"

तिने फोन ठेवला. नंतर मी तीनदा लावला, तिने उचलला नाही. झोपताना एक गोष्ट मला टोचत राहिली. ती चिडली होती, पण 'नाही, मी सांगितलं नाही,' असं काही तिच्या तोंडून आलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठला मी उपचाराच्या खोलीत पोचले. ही खोली सगळ्या संघांना सामाईक. प्रत्येक संघाला एक टेबल आणि टेबलामागे भिंतीवर एक पांढरा फळा. मॅनेजर माझ्या आधीच येऊन बसले होते.

"कंबर धरलीय," ते म्हणाले.

"दाखवा."

"नको, नको. तुम्ही तुमचं काम करा. मी नुसता बसतो."

कंबर चांगली ठणठणीत होती. ते माझ्यावर लक्ष ठेवायला आले होते.

मी फळ्यावर रोजचं वेळापत्रक लिहायला घेतलं. फळ्यावर मी खेळाडूचं नाव कधीच लिहीत नाही. रुग्णाचं नाव चारचौघांत लिहायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. मी फक्त अवयव लिहिते. 'उजवा घोटा, साडेआठ. डावा खांदा, आठ पन्नास.' जे खेळणार ते आधी, जे बसणार ते अकरानंतर.

लिहिता लिहिता सहज समोर पाहिलं. समोरचं टेबल भाऊजींच्या संघाचं. त्यांचा फिजिओ अरुंद पट्टी कापून ठेवत होता आणि शेजारी मनगट शेकायचं गरम मेणाचं भांडं तापत होतं. मी मनात म्हटलं, अरे, म्हणजे आज एकेरीला डावखुरा उतरणार. त्याचं डावं मनगट दोन वर्षांपासून दुखतंय आणि मेणाने शेकल्याशिवाय तो खेळत नाही, हे कुणाला माहीत नाही?

माझा हात फळ्यावरच थांबला.

लंबूचा घोटा टीव्हीवर मुरगळला होता, तेव्हा लाखभर लोकांनी पाहिला होता. चिमणीच्या खांद्यावर पेपरात बातमी आली होती. आमच्या खेळात माणसाचं नाव एक वेळ कुणी विसरेल, त्याची दुखापत कुणी विसरत नाही. मी नावं लपवत होते आणि त्यांच्याहून ठळक खुणा वेळेसकट भिंतीवर टांगत होते. बुधवारी घोटा आणि खांदा सगळ्यांत आधी, पाठोपाठ. नेहमीच्या मिश्र जोडीची पाठ आणि गुडघा अकरानंतर. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

"मॅनेजर," मी म्हणाले, "यादी माझ्याकडूनच फुटली. पण फोनवरून नाही."

मी त्यांना फळा दाखवला, बुधवारचा क्रम सांगितला. ते डोळे बारीक करून ऐकत राहिले.

"बहिणीला वाचवायला फळ्याला पुढे करताय."

"मग समोर बघा. तो काय कापतोय? ते भांडं कशाचं? मला इथे उभ्या उभ्या कळलं की आज त्यांचा डावखुरा एकेरी खेळणार."

हे बोलले आणि बोललेलं परत घेता येणार नाही, हेही त्याच क्षणी कळलं. मॅनेजरांची कंबर एकाएकी बरी झाली. ते कोपऱ्यात जाऊन कोचबाईंशी फोनवर हळू आवाजात बोलू लागले. नऊ वाजायचे होते. यादी बदलायला भरपूर वेळ होता.

मी फळा पुसून टाकला.

लंबूचा घोटा हातात असतानाच भाऊजी आले. हातात चहाचा पेला. रोज या वेळी ते त्यांच्या टेबलाकडे जातात आणि वाटेत माझ्यापाशी थांबून "काय डॉक्टरीणबाई," म्हणतात. आजही थांबले. पण त्यांची नजर माझ्याआधी भिंतीवर गेली.

"आज फळा कोरा?" ते म्हणाले.

मॅनेजर फोन कानाला तसाच धरून वळले. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. एक घोट घेऊन ते हसले.

"भिंतीवरचं वाचायला मनाई आहे का? डोळे बांधून हिंडू?"

"नाही हो," मॅनेजर गोड आवाजात म्हणाले. "आम्हीही वाचतो."

दुपारी पहिले दोन सामने आम्ही जिंकले. डावखुऱ्यासमोर कोचबाईंनी ऐन वेळी आमचा दुसरा खेळाडू उतरवला होता. तो सरावात रोज डावखुऱ्याशी खेळतो. मधल्या सुट्टीत मॅनेजर मला म्हणाले, "लेखी काही देत नाही आता. जा, दहा मिनिटं आहेत. वर तुमची बहीण बसलीय." माफी मागणं त्यांना एवढंच जमत असावं.

ताई त्यांच्या संघाच्या लोकांमध्ये बसली होती. शेजारच्या खुर्चीत तिची पर्स होती, ती मांडीवर घेऊन मी बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"चुकले मी," मी म्हणाले. "भाऊजींनी माझा फळा वाचला होता. सगळ्यांसमोर लिहिलेलं."

"मला माहितेय."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. जिंकून आले ते छाती फुगवून सांगायला लागले. त्याच्या आदल्या रात्री मला म्हणाले होते, धाकटीकडून काही कळतं का बघ. मी म्हटलं, जीभ झडेल तुमची. चार दिवस झाले, मी त्यांच्याशी बोललेली नाही."

"म्हणून रोज फोन करत होतीस?"

"मग बोलू कुणाशी? भिंतीशी?"

"काल सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर निकालच दिलास. आणि नवऱ्याने फळा वाचला हे तुला सांगितलं असतं, तर ते आमच्या घरातली गोष्ट बाहेर नेणं झालं असतं. मी दोन्हीकडे तोंड शिवून बसले होते."

खाली खेळाडू कोर्टवर यायला लागले. मला आणखी एक सांगायचं होतं. ते नाही सांगितलं तर ती मला आत्ताच माफ करेल, असं वाटत होतं. तरी सांगितलं.

"आज सकाळी तुमचा डावखुरा उतरणार हे मी ओळखलं. आणि माझ्या तोंडून मॅनेजरांसमोर निघून गेलं. मला फक्त तुझ्यावरचा आळ घालवायचा होता."

ताईने आता माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे यांनी तुमचं वाचलं, तू यांचं वाचलंस. मी कुणाचं काही वाचलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही, आणि जाब मात्र मलाच विचारला."

"हो."

"ऊठ. खाली तुझा तो उंच मुलगा हात करतोय. वाट बघायला लावू नकोस त्याला."

मी उठले. ताईची पर्स माझ्या मांडीवरून घरंगळून खाली पडली होती. मी ती उचलून समोर धरेपर्यंत तिने हात पुढे केला नाही. मग घेतली.