आयांची लॉबी

मित्रांनो, मस्कतमध्ये रुवी भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात, फ्रिजच्या डोक्यावर बसलेला मी एक जुना रेडिओ आहे. जन्म जपानचा, घर वसईकरांचं आणि कान अमेरिकेकडे. इतका मोठा पसारा असूनही मी फ्रिजवरून सहसा खाली उतरत नाही.

आखातात युद्ध पेटलं तेव्हा मार्टिननं मला बातम्यांसाठी घेतलं. युद्ध संपलं, बातम्यांची सवय काही संपली नाही. त्याची बायको लुर्डस मला रोज पुसायची. फ्रिज पुसून झाल्यावर, त्याच फडक्यानं; पण पुसायची.

खाली कापडाचं दुकान असलेले रत्नागिरीचे हुसैनमियाँ दुपारी दुकान बंद असताना चहाला येत. एकदा त्यांनी विचारलं, "मार्टिनभाई, हा तुमचा रेडिओ लॉबी लॉबी काय लावून बसलाय?"

"आपल्या असोसिएशनची निवडणूक आठवते ना? केटररनं दोन्ही गटांना बिर्याणी खिलवली. कोण पण येऊ दे, नाताळचं जेवण त्याचंच. तिकडे अमेरिकेत बंदुकवाले, औषधवाले, तेलवाले दोन्ही पक्षांना पैसे देऊन हेच करतात. तीच लॉबी."

"मग दोन पक्ष कशाला?"

"एका पक्षाला सगळी बिर्याणी संपेल काय?"

मार्टिनला या प्रकाराची भयंकर चीड होती. 'विकले गेलेत सगळे' असं तो मलाच सुनवायचा, जणू मीच बिर्याणी खाल्ली होती.

मग दोन हजार साल आलं. त्याचा एकुलता मुलगा गॅव्हिन कॉम्प्युटर इंजिनिअर झालेला. अमेरिकेतली एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती. पण त्या वर्षीचे व्हिसा संपले होते. मी बातमी दिली, की कॉम्प्युटर कंपन्यांची लॉबी व्हिसा वाढवून मागते आहे आणि दोन्ही पक्षांना देणग्या पोचल्या आहेत.

"लॉबी म्हणजे पण लोकशाहीच," मार्टिन गंभीरपणे म्हणाला.

दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये तो व्हिसा वाढावेत म्हणून मेणबत्ती लावू लागला. शेजारी लुर्डसही एक लावायची. दोघांचं बळ एकत्र आलं म्हणून तो खूश. पण एका दुपारी घरात ती एकटीच कोळंबी सोलत होती आणि मी सांगितलं, की कायदा अजून अडकलेला आहे. तशी ती हळूच म्हणाली, "मरियामाते, अडकू दे गं. एकच पोरगा हाय मला."

एकच माता आणि तिच्यापुढे एकाच घरातल्या दोन लॉब्या!

ऑक्टोबरात कायदा पास झाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही पक्षांनी मिळून हात वर केले. हुसैनमियाँ ओमानी हलवा घेऊन धावत वर आले.

"मार्टिन," लुर्डसनं विचारलं, "तिकडे आयांची लॉबी नाय काय रे?"

मार्टिन आधी मोठ्यानं हसला. मग हसू अर्ध्यावर सोडून म्हणाला, "तू मेणबत्ती कसली लावत होतीस?"

"हलवा खा," ती म्हणाली.

गॅव्हिन गेला. पुढे घरात टीव्ही आला, छतावर डिश बसली. माझा एक बँड गेला, अँटेना वाकली, आणि मला पुसायचंही कधी कधी राहून जाऊ लागलं. पण मला टाकायची गोष्ट निघाली, की लुर्डस आडवी येते. अमेरिकेच्या बातम्यांत 'बर्फ' ऐकू आलं, की ती हातातलं काम सोडून माझ्याजवळ येऊन उभी राहते. राज्य कुठलंही असो.

काही वर्षांनी मार्टिननं बातमी आणली, "व्हिसा पुन्हा कमी केले बघ."

"आता कमी करून काय?" ती म्हणाली. "गेलेल्याला थोडाच परत पाठवतात?" मार्टिननं माझं बटण फिरवलं आणि उगाचच दुसरं स्टेशन शोधत बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्यायला सांगायची असते. मी तसं सांगणार नाही. शुक्रवारी गॅव्हिनचा फोन वाजला की लुर्डस धावत येते, आधी माझा आवाज बंद करते आणि मग रिसीव्हर उचलते. त्या वेळी गप्प बसण्यात जे सुख आहे, ते मला कुठल्याही स्टेशनवर मिळालेलं नाही. तुमची आई कुठेही असो, तिला फोन करा. तिच्या घरातल्या रेडिओला जरा गप्प बसू द्या.