दुसऱ्या रेकॉर्डचं दहावं गाणं

ताईला जाऊन सव्वा महिना झाला होता आणि बँडच्या दुसऱ्या रेकॉर्डचं एकच गाणं अडलं होतं. फंक आणि सोल ही अमेरिकी ठेक्याची गाणी वाजवणारी सात माणसं, पण पहिली रेकॉर्ड खपली ती ताईच्या गळ्यावर. दुसरीची नऊ गाणी ती पुरी करून तापाने गेली. दहाव्याला तिचा नुसता कच्चा आवाज होता. त्या काळी सगळे एका खोलीत एकदम वाजवत. कडवं कुठे आलं ते वाजवणाऱ्यांना कळावं म्हणून गाणारी आपली काहीबाही गात राही, आणि खरं गाणं नंतर ते पुसून त्याच जागी घेत. टेपवर आवाज भरायच्या आठच वाटा, म्हणजे ट्रॅक, आठही भरलेल्या.

बोल तयार नव्हते, म्हणून ताईने त्या ठेक्यावर घरची गाऱ्हाणी गायली होती. आईचे गुडघे, तुंबलेली मोरी, धाकट्या बहिणीने हरवलेली छत्री. मध्येच ड्रमवाल्या जाड्याला दोन शिव्या. शेवटी खोकून, हसून म्हणाली होती, "आई, पाणी तापत ठेव, आलेच."

धाकटी इतकी वर्षं ताईच्या मागे उभी राहून साथीला गायची. आता हे गाणं तिच्यावर आलं. घरून निघताना आईने तिला दारात थांबवलं. आईने स्टुडिओची पायरी कधी चढली नव्हती. या गाण्यांना ती आदळआपट म्हणे. पण टेपवरच्या त्या गाऱ्हाण्यांचं धाकटीने तिला सांगितलं होतं. गाणं तर पहिल्या रेकॉर्डवर आहे, ती म्हणाली, मला ती बोलताना ऐकव. धाकटीने शब्द दिला.

रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून विचारलं, ताईचं आधी दुसऱ्या टेपवर उतरवून घेऊ का? धाकटीच्या कानांवर हेडफोन, त्यात ट्रम्पेट चालू. तिला "ताईचं" आणि "टेपवर" एवढंच कळलं.

"ताईचं राहू दे," ती म्हणाली.

तिच्या मनात होतं, जपून ठेव. पण त्या स्टुडिओत राहू दे म्हणजे नको, जाऊ दे. ताईनेच ती सवय लावली होती. घेतलेलं मनास आलं नाही की हात झटकून "राहू दे" म्हणायची, आणि रेकॉर्डिस्ट ते पुसून त्यावरच पुढचं घ्यायचा. धाकटीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी ती घरच्या अर्थाने बोलून गेली, इतकंच. रेकॉर्डिस्टने मान डोलावली आणि लाल दिवा लावला.

ती गायली, आणि मेलं झालंही पहिल्याच फेरीत. हेडफोन काढून तिने सांगितलं, आता ताईचं लाव.

"कुठलं? तूच म्हणालीस ना, राहू दे."

ताईचं बोलणं पुसलं गेलं होतं. रेकॉर्डिस्ट उरलेली एकेक वाट उघडून ऐकत बसला. संध्याकाळी ड्रमच्या माईकच्या वाटेवर काहीतरी लागलं. खोली एकच, ताईचा आवाज थोडा तिथेही शिरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाड्याने आईला हाताला धरून जिना चढवला. रेकॉर्डिस्टने एकटे ड्रम लावले. दणादण ठोके, झांजेचा चरचराट, आणि खाली, दोन घरं पलीकडे बंद दाराआड कोणी बोलावं तसं काही. शब्द एकही लागत नव्हता. आई स्पीकरकडे वाकत वाकत गेली, शेवटी कपाळ त्याच्या कापडाला टेकलं. तीनदा लावून झालं.

धाकटीला सगळं पाठ. ती आईच्या कानाशी सांगू लागली, आता मोरीचं म्हणतेय, आता तुला पाणी ठेवायला सांगतेय.

आईने तिचा हात दाबला. "तू नको सांगूस. तू बोललीस की तुझंच ऐकू येतं."

मग हे वाजणं जरा बाजूला होईल का, आईने विचारलं. नाही होणार, रेकॉर्डिस्ट म्हणाला, दोन्ही एकाच वाटेवर आहेत.

आई जाड्याकडे वळली.

"थोडं हळू वाजवायचं होतंस रे."

"चुकलंच माझं, काकू," जाड्या म्हणाला.