एकशे एकोणसत्तरावा तास

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कारखान्याच्या तपासणी खोलीत एक बोल्ट तुटला. त्याला कोणी हात लावला नव्हता. जाड पोलादी पाटात बारा बोल्ट आवळून दोनशे तास ताणाखाली ठेवायचे, एकही तुटता कामा नये, एवढीच ती चाचणी. हा एकशे एकोणसत्तरावा तास होता. बोल्टचं डोकं उडून भिंतीवर आदळलं. तपासनीस बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि वहीत वेळ लिहिली.

भिंगाखाली तुटलेला भाग साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. ओढून तुटणारं पोलाद आधी थोडं लांबतं. हे काचेसारखं तडकलं होतं.

बाई थेट आम्लाच्या टाक्यांकडे गेल्या. तिथे त्यांचा धाकटा दीर फोरमन होता. सहा वर्षांपूर्वी त्यानेच त्यांना इथे चिकटवलं होतं.

"भावोजी, हा माल आम्लातून कधी काढलात?"

"अकरा दिवस झाले, शुक्रवारी संध्याकाळी. का हो वहिनी?"

"आणि भट्टीत कधी गेला?"

तो हातमोजे काढू लागला. "त्यानंतरच्या सोमवारी. शुक्रवारी दोनच ताटं भरली होती. भट्टी भरल्याशिवाय पेटवायची नाही, हे साहेबांच्या वडिलांपासून चालत आलंय. पण सोमवारी दुप्पट वेळ तापवला की!"

आम्लात पोलाद धुताना त्यात हायड्रोजन शिरतो. तो आतल्या आत सरकत जाऊन जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. चार तासांच्या आत माल तापवला तर निघून जातो. इतक्या कडक पोलादात तो तीन दिवस राहिला, तर बारीक चिरा पडतात.

"चिरा पडल्यावर तापवून काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "मला हे लिहावं लागणार."

"लिहा. मग पहिला घरी मी."

"दुसरी मी. तुम्ही भाजी चिरा, मी पोळ्या करते."

तो हसला नाही.

बावीसशे बोल्ट नदीवरच्या पादचारी पुलासाठी होते. चाचणी उद्या संपणार असली तरी ट्रक आजच चार वाजता निघायचा होता. अडीचला व्यवस्थापक साहेब चाचणीचा कोरा दाखला घेऊन तपासणी खोलीत आले.

"एक तुटला, अकरा उभे आहेत. शाळेत बारापैकी अकरा मिळाले तर पोराला खांद्यावर घेऊन नाचतात."

"शाळेतला चुकलेला प्रश्न कोणाच्या पायाखालून निसटत नाही, साहेब."

"मला शिकवू नका. सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाईंनी दाखल्यावर 'नापास' लिहिलं. खाली कारण लिहिलं: आम्लानंतर माल तीन दिवस न तापवता ठेवला. मग सही केली.

"शिक्का इकडे द्या," साहेब म्हणाले. "तो कंपनीचा आहे."

"घ्या." त्यांनी खणातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. "सही मात्र माझी आहे. ती दुसऱ्या कागदावर मिळणार नाही."

"तीन दिवसांची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? पुरावा काय?"

दारातून उत्तर आलं. "मी सांगितली." फोरमनच्या काखेत भट्टीची नोंदवही होती. त्याने ती त्या शुक्रवारच्या पानावर उघडून शिक्क्याशेजारी ठेवली. "दोन ताटं, भट्टी बंद. अक्षर माझं आहे. खाडाखोड करायला आता उशीर झाला, वहिनींनी पानाचा फोटो काढलाय."

बाईंनी फोटो काढला नव्हता. त्यांनी शांतपणे फोन उचलला आणि काढला.

साहेब शिक्का घेऊन निघून गेले. साडेतीनपासून ते केबिनचं दार लावून सहीसाठी बाहेरच्या एका तपासनिसाशी फोनवर बोलत होते. दाखल्याशिवाय गाडी हलवणार नाही, असं ट्रकवाल्याने फाटकावर सांगितलं होतं.

पाच वाजता पाटात अकरा बोल्ट होते आणि चाचणीचे चोवीस तास बाकी होते. दीर-भावजय दोघंही घरी गेली नव्हती. फाटकाशी ट्रक उभा होता, माल भरलेला, इंजिन चालू.